फरक ऐकू येतोय ना?

बेस गिटार, म्हणजे गाण्याच्या तळाचे जाड सूर देणारी गिटार, वाजवणाऱ्या माणसाला घरचे आणि बाहेरचे मिळून दोनच गोष्टी विचारतात. एक, "यावर एखादं गाणं वाजवून दाखव ना", आणि दुसरी, "आधी एक होतं ना, ते बिघडलं का?" पहिल्यावर उपाय म्हणून मी खरंच एखाद्या गाण्याचा बेस वाजवतो, अगदी मन लावून, कडव्यासकट, आणि समोरचा माणूस ते सगळं ऐकून घेतो, मग जरा वाट बघतो आणि म्हणतो, "हां, लागली ना तार, आता गाणं सुरू कर."

दुसरा प्रश्न मी दुसरा बेस घेतल्यापासूनचा. त्याचं उत्तर लांबलचक आहे आणि ते ऐकायला आजपर्यंत कोणी थांबलेलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

तर आधीचं बिघडलेलं नाही. आधीचा पी-बेस धाटणीचा आहे आणि हा नवा जे-बेस धाटणीचा. लिओ फेंडरने 1951 साली प्रिसिजन बेस काढला आणि 1960 मध्ये जाझ बेस, आणि तेव्हापासून दुनियेतले बरेचसे बेस या दोघांपैकी कोणाच्या तरी वळणावर गेलेत. दोघांची तार 34 इंचांची, दोघांवर त्याच चार तारा, ई ए डी जी. पण पी ला मधोमध एकच पिकअप, म्हणजे तारेचं थरथरणं टिपणारा चुंबकी भाग, तोही 1957 पासून दोन तुकड्यांत चिरलेला, आणि जे ला दोन सरळ पिकअप, एक मानेकडे एक ब्रिजकडे, म्हणजे तारा जिथे बॉडीवर टेकतात तिकडे. त्यामुळे पी चा आवाज कसा गोल, भरीव, छातीतून येणारा आणि जे चा जरा नाकातला, धार असलेला. हा फरक मला स्पष्ट ऐकू येतो. माझं दुखणं एवढंच की तो अजून कोणाला तरी ऐकू यावा.

पहिला प्रयोग म्हणजे दोन्हीवर एकच ओळ वाजवून रेकॉर्ड केली, नावं न सांगता मित्राला पाठवली. मित्र लीड गिटार वाजवतो म्हणजे कान आहेत त्याला, निदान स्वतःपुरते. त्याचं उत्तर आलं, "दोन्ही सेम फाइल पाठवलीयस." मी म्हटलं कशावर ऐकलीस, तर म्हणाला फोनवर. आता बेसची मोकळी ई तार म्हणजे 41 हर्ट्झ. फोनचा तो चिमुकला स्पीकर तिथपर्यंत पोचतच नाही, त्याला त्या सुराचे वरचे हार्मोनिक्स, म्हणजे त्याच्या पटीतले सूर, तेवढे जमतात, आणि खालचा मूळ सूर आपला मेंदू त्या हार्मोनिक्सवरून अंदाजाने भरून काढतो. म्हणजे मित्र जो बेस ऐकत होता तो बराचसा त्याच्याच डोक्यात तयार होत होता आणि मी त्याला विचारत होतो की यातला रोझवूडच्या फिंगरबोर्डचा कुठला वाटतो.

बरं मग हेडफोन लावून ऐक म्हटलं. त्याने ऐकलं आणि म्हणाला दुसरा भारी आहे. मी खूश, कारण दुसरा नवा होता. मग बघितलं तर दुसऱ्या फाइलचा आवाज जरासा मोठा होता. हे एक अजब आहे, दोन आवाजांतला एक थोडासा जरी मोठा असला तरी माणसाला तो मोठा वाटत नाही, चांगला वाटतो. दुकानात नवा बेस हातात घेतल्यावर जे काही अंगावर येतं त्यात टोन, म्हणजे आवाजाचा पोत, किती आणि निव्वळ जास्तीचं आउटपुट किती हे देव जाणे. दोन्ही फाइल एका पातळीवर आणून परत पाठवल्या तर साहेबांचं मत बदललं, म्हणे आता पहिला बरा वाटतो, पण खरं सांगू का, मला दोन्हीत गिटारच ऐकू येत नाहीये.

माझ्या स्वतःच्या कानांवर तरी कुठे भरवसा ठेवायचा. 1933 सालीच फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलंय की आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे सूर जास्तच कमी ऐकू येतात. म्हणजे रात्री सगळे झोपल्यावर मी दबक्या आवाजात, नॉब केसभर फिरवून फिरवून जो उबदार टोन लावतो, तो सकाळी मोठ्याने लावला की खोलीत नुसता गदगदाट. त्यात खोली स्वतः एक वेगळंच प्रकरण. 41 हर्ट्झची लहर आठ मीटरपेक्षा लांब असते, माझी खोली तिला आडवी पडायलासुद्धा पुरत नाही, मग ती भिंतीवरून परत येते आणि स्वतःलाच भेटते, काही ठिकाणी दुप्पट होते काही ठिकाणी गायब. खुर्चीत बसलो की पी चांगला, दाराशी उभं राहिलो की जे चांगला, आणि कोपऱ्यात तोंड घालून उभं राहिलो की दोन्ही जबरदस्त. पण कोपऱ्यात तोंड घालून उभ्या असलेल्या माणसाला घरात कोण काय विचारेल सांगता येत नाही, त्यामुळे ती जागा मी रिसर्चसाठी वापरत नाही.

मग म्हटलं शास्त्रशुद्ध करू, ब्लाइंड टेस्ट. बायकोला पाठमोरी बसवली, म्हटलं मी कधी हा वाजवेन कधी तो, तू फक्त पहिला की दुसरा एवढंच सांगायचं. ती म्हणाली किती वेळ लागेल, मी म्हटलं पाच मिनिटं, तिने घड्याळाकडे बघितलं (हे तिच्या मानाने प्रोत्साहन होतं). आणि काय सांगू, एकही चूक नाही! मी मुद्दाम एकच बेस लागोपाठ वाजवला, तरी बरोबर. मी टोनचा नॉब बंद करून वाजवला, तरी बरोबर. माझा ऊर भरून आला, इतकी वर्षं आपण हिला उगाच बेसुरी समजत होतो. म्हटलं सांग ना, तुला नक्की काय ऐकू येतंय, मिड्समध्ये, म्हणजे मधल्या सुरांत, कळतंय का अटॅकमध्ये, म्हणजे सुराच्या पहिल्या ठोक्यात?

"अरे, तो दुसरा आहे ना त्याच्यातून फ्रिजसारखी घरघर येते. तू वाजवायच्या आधीच कळतं."

झालं. जे च्या पिकअप सिंगल कॉइल, त्या आजूबाजूच्या वायरिंगची घरघर उचलतात. पी च्या पिकअपचे दोन तुकडे उलटसुलट गुंडाळलेले असतात म्हणून तिथे ती आपोआप मरते. आणि गंमत म्हणजे वीज 50 हर्ट्झची असेल तिथे ही घरघर 50 हर्ट्झची आणि त्याच्या पटीतली, तर ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा (मानेवरच्या आडव्या पट्टीचा) जी आहे 49 हर्ट्झ, म्हणजे माझा जे-बेस मी हात लावायच्या आधीच जी मध्ये आणि तोही किंचित चढा गात असतो. बायकोला मी हे सगळं उत्साहाने सांगितलं. मग आठवलं की जे चे दोन्ही व्हॉल्यूम नॉब पूर्ण उघडले की दोन पिकअप एकमेकींची घरघर खोडतात, तसं केलं आणि परत टेस्ट घेतली. आता मात्र तिने काही न बोलता बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "तू वाजवतोयस ना अजून?"

टोनवाल्या मंडळींत बसलात तर मात्र उलट त्रास, तिथे सगळ्यांना सगळं ऐकू येतं. एकाला ऍल्डर लाकडाची बॉडी आणि ऍश लाकडाची बॉडी डोळे मिटून ओळखता येते म्हणे. आता सॉलिड बॉडीच्या इलेक्ट्रिक बेसमध्ये पिकअपला लाकूड दिसतच नाही हो, तिला दिसते फक्त चुंबकासमोर हलणारी लोखंडी तार, लाकडाचा हात असेल तर त्या तारेच्या हलण्यावर थोडाफार. मान मात्र खरंच लुडबुड करते, बऱ्याच बेसवर जी तारेच्या पाचव्या सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर पटकन मरतो, कारण नेमक्या त्या सुराला मान स्वतःच थरथरायला लागते आणि तारेची ताकद पिऊन टाकते. पण यावर कोणी भांडत नाही, कारण ते ऐकू येतं. भांडण होतं ते टोन नॉबच्या कपॅसिटरवर. 0.047 मायक्रोफॅरडचा तो इवलासा तुकडा, त्याचं एकच काम, नॉब बंद कराल तसतसे वरचे सूर जमिनीत घालवायचे. तर तो कागद आणि तेलाचा हवा की प्लॅस्टिक फिल्मचा यावर शहाणी माणसं रात्र रात्र घालवतात, आणि यातले बरेच जण तो नॉब पूर्ण उघडा ठेवून वाजवतात, जिथे बिचारा कपॅसिटर जवळजवळ बेकार बसलेला असतो.

माझं विचाराल तर टोनची खरी भानगड बोटांत आणि तारांत आहे. उजवा हात ब्रिजकडून चार इंच मानेकडे सरकवा, जेवढा फरक पडतो तेवढा बेस बदलून पडत नाही. तारांचंही तसंच, राउंडवाउंड, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, नव्या असल्या की खणखणतात, फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी पट्टी गुंडाळलेल्या, असल्या की नुसतं ठुम्म. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन घ्या, 1962 चा प्रिसिजन, त्यावर जाडजूड फ्लॅटवाउंड, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, वाजवायला उजव्या हाताचं एकच बोट, आणि तारा तुटल्याशिवाय बदलायचा नाही अशी त्याची ख्याती. दुसऱ्या टोकाला जॅको पास्टोरियस, त्याने जाझ बेसचे फ्रेटच काढून टाकले, फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तो इपॉक्सी चढवला आणि राउंडवाउंड घालून ब्रिजजवळ वाजवत बसला. दोघांचा आवाज दोन सुरांत ओळखू येतो. मी जेमर्सनपासून फक्त तारा न बदलण्याचा भाग उचललाय, तो लगेच जमला. एकदा नव्या तारांचा खणखणाट हवासा वाटला तर जुन्या राउंडवाउंड उकळून घेतल्या. हसू नका, खरंच करतात लोक, गुंडाळीत बसलेला घामाचा आणि कातडीचा मळ निघून जातो आणि काही दिवस तारा नव्या असल्याचं नाटक करतात. स्वयंपाकघरात मी ते पातेलं ढवळत असताना बायको आली, आत बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ते पातेलं आता माझ्या खोलीत ऍम्पवर असतं.

बँडमध्ये तर टोन हा विषयच काढायची सोय नाही. घरी मी जो मधासारखा गोलमटोल टोन लावतो तो ड्रमचा किक आणि दोन गिटार सुरू झाल्या की कुठे जातो कोणास ठाऊक, बुडतो म्हणा. बँडमध्ये ऐकू यायला एकट्याने ऐकताना कर्कश वाटणारे मिड्स लागतात. मी ते वाढवले की लीड गिटारवाला म्हणतो माझ्या जागेत येतोयस, कमी केले की ड्रमर म्हणतो तू कुठेयस. आणि कार्यक्रमाला साउंडवाला माझी वायर डीआय बॉक्समध्ये, म्हणजे बेसचा आवाज सरळ हॉलच्या मिक्सरला देणाऱ्या डबीत, खुपसतो, म्हणजे माझा ऍम्प, त्याचे नॉब, स्टेजवर तो ठेवायची मी शोधलेली जागा, सगळं स्टेजपुरतं, आणि हॉलमध्ये जातो तो त्याला वाटेल तो बेस. वर मलाच विचारतो, "दोन बेस कशाला आणलेत?"

आता शेवटचं सांगतो, कारण खरा मुद्दा हाच आहे. खालचे काका एके दिवशी वर आले. मी आधीच "कमी करतो, कमी करतो" म्हणत दार उघडलं, तर म्हणाले, "अहो, वाजवा की, वाजवण्याबद्दल तक्रार नाही. पण तुमचा एक कुठला तरी सूर आहे, तो आला की आमच्या कपाटाची काच वाजते. तेवढा एक गाळता आला तर बघा."

खालचे सूर भिंती आणि स्लॅब ओलांडून आरामात जातात, वरचे इथेच अडतात, त्यामुळे मित्राच्या फोनला जो माझा मूळ सूर कधी कळला नाही तो काकांच्या कपाटाला पहिल्यापासून कळत होता! म्हटलं काका तुम्ही खाली जा, कपाटासमोर उभे राहा, मी फोन लावतो. मग मी खालपासून एकेक फ्रेट वाजवत गेलो. हा? नाही. हा? नाही हो. हा? थोडा... आणि ए तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, बी, 61.7 हर्ट्झ, काका ओरडले, "हां हां हाच! हाच तो!" मलाही फोनमधून काच ऐकू आली. आमच्या सरावातली दोन गाणी नेमकी बी मध्ये आहेत, पण ते बघू नंतर. मी विचारलं, "काका, एक मिनिट, हाच सूर आता दुसऱ्या गिटारवर वाजवतो, फरक ऐकू येतोय का बघा."

वाजवला. काका जरा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "याने काच कमी वाजते. पण वाजायला लागली की लवकर थांबत नाही. आधीच्याने एकदम दाणकन वाजते आणि संपते."

अहो, अटॅक आणि सस्टेन, म्हणजे सूर किती वेळ टिकतो ते! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी दोन्ही वेगवेगळे सांगितले. बायकोला हाक मारली, ती आली नाही. मी म्हटलं, "काका, फोन ठेवू नका, तिथेच थांबा, जुन्या फ्लॅटवाउंड चढवतो, पंधरा मिनिटं लागतील."