सैन्य गेल्यावर पगार कोण देतं?

तालिबानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत आले, भारताने काबूलमधल्या आपल्या ‘तांत्रिक पथका’ला पुन्हा दूतावासाचा दर्जा द्यायचं ठरवलं, आणि आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चार वर्षांनी अफगाणिस्तान अवतरलं. सांगलीचा आतेभाऊ म्हणाला, पाकिस्तानची जिरत असेल तर आपल्याला तालिबानही चालेल. पुण्याची मावसबहीण भडकली. दिल्लीत, आपल्या राजधानीत, पत्रकार परिषदेला बायकांना येऊ दिलं नाही आणि तुम्हाला टाळ्या कसल्या सुचतात? (ओरड झाल्यावर दोन दिवसांनी दुसरी परिषद घेतली आणि महिला पत्रकारांना बोलावलं, ते वेगळं.) दोघांचं एकमत एकाच गोष्टीवर होतं: २०२१ मध्ये अमेरिका अफगाणिस्तानातून शेपूट घालून पळाली. मग मला टॅग करून प्रश्न आला, ‘तू अमेरिकेत राहतोस, तुझं काय म्हणणं?’

माझं म्हणणं असं की अमेरिकेने निघणं बरोबर होतं. वीस वर्षं, चार अध्यक्ष, चोवीसशेहून जास्त अमेरिकन जवानांचे मृत्यू. आणखी पाच वर्षं थांबून काय साधलं असतं, हे कुणी पटेल असं सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. पण भारतातली चर्चा ‘पळाली की नाही’ इथेच अडकते, आणि इथली चर्चा ‘ट्रम्पने करार केला की बायडेनने वाट लावली’ याच्या पुढे सरकत नाही. आपण गेल्यावर तिथल्या शिपायाचा पगार, ट्रकचं डिझेल आणि हेलिकॉप्टरचे सुटे भाग कोण पुरवणार, हा प्रश्न कंटाळवाणा आहे, त्यामुळे तो कुणालाच नको असतो. राजवटी मात्र त्याच प्रश्नावर पडतात.

याचा पुरावा अफगाणिस्तानातच आहे. १५ फेब्रुवारी १९८९ ला अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्याचे सेनापती जनरल बोरिस ग्रोमोव्ह अमुदर्या नदीवरचा पूल ओलांडून परत गेले. मॉस्कोच्या आधारावर उभं असलेलं अध्यक्ष नजीबुल्लांचं सरकार आता काही महिन्यांचं सोबती, असं तेव्हा बहुतेक जाणकार सांगत होते. ते तीन वर्षं टिकलं. मार्च १९८९ मध्ये मुजाहिदीन जलालाबादवर तुटून पडले, तेव्हाही अफगाण फौजेने शहर सोडलं नाही. कारण मॉस्कोतून पैसा, इंधन, दारूगोळा येत होता. डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि नवीन वर्षात रसद बंद झाली. विमानं जमिनीवर बसली, पगारावर बांधलेला दोस्तमचा उझबेक लष्करी गट फिरला, आणि एप्रिल १९९२ मध्ये सरकार कोसळलं. नजीबुल्ला भारतात यायला निघाले होते, त्यांना विमानतळावरूनच मागे फिरवलं गेलं.

आता २०२१ बघा. २९ फेब्रुवारी २०२० ला दोहामध्ये अमेरिका आणि तालिबान यांचा करार झाला. ज्या सरकारसाठी वीस वर्षं लढाई चालली ते अफगाण सरकार टेबलावर नव्हतंच, तरी तालिबानच्या पाच हजारांपर्यंत कैद्यांना त्याने सोडायचं, असं त्यात लिहिलेलं. चौदा महिन्यांत सैन्य जाणार आणि सैन्याबरोबर खासगी कंत्राटदारही जाणार. हे दुसरं कलम कुणी फारसं वाचलं नाही. अफगाण हवाई दलाची देखभाल या कंत्राटदारांच्याच हातात होती. मेकॅनिक गेले आणि विमानं एकेक करत बसायला लागली. हजेरीपटावर तीन लाखांची फौज होती, त्यात बोगस नावांचा भरणा, वरच्यांच्या खिशात त्यांचे पगार. जे खरोखर चौकीवर उभे होते त्यांना महिनोनमहिने पगार नाही, कुठे कुठे तर जेवणही नाही. ‘अफगाण लढलेच नाहीत’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की वीस वर्षांत त्यांचे साठ हजारांहून अधिक सैनिक आणि पोलीस मेले. जुलैच्या सुरुवातीला एका रात्रीत अमेरिकनांनी बग्राम तळ रिकामा केला, आणि ताबा घेणाऱ्या अफगाण अधिकाऱ्याला ते सकाळी कळलं, असं त्यानेच पत्रकारांना सांगितलं. अशा फौजेतल्या शिपायाने कुणासाठी गोळी खायची? ६ ऑगस्टला झरंज पडलं, प्रांताच्या राजधान्यांमधलं पहिलं. तेच झरंज, जिथून देलारामपर्यंत आपल्या सीमा सडक संघटनेने २१८ किलोमीटरचा रस्ता बांधला. पुढच्या नऊ दिवसांत काबूल.

मी राहतो त्या उत्तर व्हर्जिनियात अफगाण वस्ती मोठी आहे. शनिवारी अफगाण बेकरीत हातभर लांब नान घ्यायला रांग लागते, तिथे एका गृहस्थाशी ओळख झाली. कंदाहारकडचा, अमेरिकन तुकडीबरोबर दुभाष्या होता, आता टॅक्सी चालवतो. एकदा त्याने प्लास्टिकच्या पाकिटात जपलेली धाकट्या भावाची फाइल दाखवली. भावानेही तेच काम केलं, पण तो मागे राहिला. एका कॅप्टनचं शिफारसपत्र आहे, कोपऱ्यावर चहाचा डाग. बिल्ला गळ्यात घातलेला फोटो आहे. नाही ते नोकरीचं पत्र. अमेरिकेसाठी काम केलेल्या अफगाणांच्या खास व्हिसासाठी नोकरी दिलेल्या कंपनीचं पत्र लागतं, आणि भावाला ठेवणारी कंत्राटदार कंपनी कधीच बंद झाली. ईमेल परत येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये नॅशनल गार्डच्या दोन जवानांवर गोळीबार झाला, त्यातली एक तरुणी गेली. आरोपी अफगाण, आणि तो सीआयएच्या मदतीने लढणाऱ्या पथकात होता, हे अमेरिकन सरकारनेच सांगितलं. त्यानंतर अफगाणांचे सगळे अर्ज थांबवले. फाइल पाकिटातच.

त्या टॅक्सीवाल्याची आई अजून गावी आहे. फोनवर सांगते, आता रात्री झोप लागते. वरून विमान नाही, दारावर धाड नाही, कंदाहारचा रस्ता मोकळा. आमच्या ग्रुपवर हे सांगितलं की लोकांना वाटतं मी तालिबानची वकिली करतोय. पण दक्षिणेच्या खेड्यांत युद्ध थांबणं हीच माघारीची सगळ्यात मोठी कमाई आहे, ती नाकारून कसं चालेल? त्याच आईच्या नातीची शाळा सहावीला संपली. मार्च २०२२ मध्ये मुलींच्या माध्यमिक शाळा उघडणार म्हणाले आणि त्याच सकाळी परत बंद केल्या. डिसेंबरात विद्यापीठंही गेली. आणि झोप लागली तरी पोट? सरकारी खर्चाचा पाऊण हिस्सा परदेशी मदतीवर चालायचा, तो एका आठवड्यात आटला. न्यूयॉर्कमध्ये ठेवलेली सात अब्ज डॉलरची अफगाण गंगाजळी गोठवली गेली. त्या हिवाळ्यात निम्म्याहून अधिक देशाची पोटभर खायची भ्रांत होती. सैन्याची माघार टीव्हीवर दिसली, पैशाची दिसली नाही.

आतेभावाच्या मुद्द्याबद्दल थोडं. काबूल पडलं तेव्हा इम्रान खान म्हणाले होते, अफगाणांनी गुलामीच्या बेड्या तोडल्या. त्यानंतर पाकिस्तानातच पाकिस्तानी तालिबानचे हल्ले वाढत गेले, आणि मुत्तकी भारतात होते त्याच आठवड्यात पाकिस्तान आणि अफगाणिस्तानच्या सैन्यात सीमेवर गोळीबार सुरू होता. दुसऱ्याच्या माघारीवर ज्याने हिशेब मांडला त्याचाच असा उलटला. आता आपण मांडतोय.

‘परकं सैन्य’ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा माणूस येतो. १७५८ मध्ये अटकेपार झेंडे लावल्याचं आपण अभिमानाने सांगतो, पण तिथल्या ठाण्यांचं पुढच्या वर्षी काय झालं ते कुणी विचारत नाही. ते राहू दे, फार जुनं झालं. १९८७ तर माझ्या लहानपणातलं आहे. जुलैमध्ये राजीव गांधी आणि श्रीलंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला, भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली, आणि ऑक्टोबरपर्यंत तमिळ वाघांशीच (एलटीटीई) लढायला लागली. अकराशेहून अधिक जवान गेले. मुंबईत जन्मलेल्या आणि तिथेच शिकलेल्या ८ महारच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना त्याच लढाईत मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. मग कोलंबोत नवे अध्यक्ष प्रेमदासा आले, त्यांनी ‘निघा’ म्हणून सांगितलं, वर वाघांना गुपचूप हत्यारंही दिली. मार्च १९९० मध्ये शेवटच्या तुकड्या मद्रासला उतरल्या तेव्हा स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

आपणही श्रीलंकेच्या उत्तर-पूर्व प्रांतात मागे एक सरकार ठेवलं होतं, वरदराज पेरुमाळ यांचं. त्याच्या रक्षणासाठी घाईघाईने ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी केली, बरीचशी जबरदस्तीने ओढून आणलेल्या पोरांची. आमच्या साताऱ्याकडच्या गावातले एक काका तिथे होते. फारसे बोलत नाहीत. एकदा म्हणाले, ‘आम्ही ज्यांच्या हातात बंदुका दिल्या त्यांना मिसरूड फुटलं नव्हतं. आमची गाडी निघाली की मागे काय होणार ते त्यांनाही कळत होतं.’ आपण एकेक भाग सोडत गेलो, तशी वाघांनी ती फौज कापून काढली आणि आपलीच हत्यारं उचलली. पेरुमाळ भारतात आले. त्यांचे पक्षनेते पद्मनाभ यांना जून १९९० मध्ये मद्रासमध्येच गाठून मारलं. अकरा महिन्यांनी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधी. काबूलचे व्हिडिओ बघून हसणाऱ्या किती जणांना हे आठवलं, कोण जाणे.

म्हणून मला मुत्तकींच्या भेटीचा राग नाही. ज्याच्या हातात राज्य आहे त्याच्याशी बोलावं लागतं. अफगाणिस्तानात आपण तीन अब्ज डॉलर घातले आहेत, सलमा धरण आहे, संसदेची इमारत आहे. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. पुणे हे भारतात शिकणाऱ्या अफगाण मुलांचं आवडतं शहर होतं. कोविडमध्ये वर्ग ऑनलाइन झाले तेव्हा त्यातले बरेच घरी गेले. काबूल पडल्यावर दहा दिवसांत आपण अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले, सुरक्षेचं कारण देऊन, आणि ही मुलं तिकडे अडकली. मुलींना तर तिथे दुसरा रस्ताच उरला नाही. अमेरिकेने आपल्या दुभाष्यांना वाऱ्यावर सोडलं म्हणताना हे आपल्या बोलण्यात येत नाही. इथल्या मराठी मंडळातही ‘या लोकांना इथे कशाला आणलं?’ असं विचारणारे भेटतात, आणि पुढच्या वाक्यात स्वतःच्या ग्रीन कार्डच्या रांगेचं रडगाणं सुरू.

आता दूतावास आहे, तर व्हिसाची खिडकी आधी या विद्यार्थ्यांसाठी उघडावी, असं मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाने विचारलं, सुरक्षेचं काय? रास्त प्रश्न आहे. तपासणी करा, कसून करा. पण ज्यांना प्रवेश आपल्याच विद्यापीठांनी दिले, कित्येकांना शिष्यवृत्त्या आपल्याच सरकारने दिल्या, त्यांचे कागद दिल्लीत आधीपासून पडलेले आहेत. ते तपासायला काबूलला माणूस पाठवावा लागत नाही.