नौरूसाठी रत्नागिरीत सही कशाला?

यावरून परवा मांडवीच्या कट्ट्यावर जी काय जुंपली ती इथे लिहून टाकतोय, व्हॉट्सअपवर टाकली तर परत सुरू होतील सगळे. माझा बर्फाचा धंदा, मासेमारी बंदीच्या दिवसांत कारखाना निम्मा झोपलेला असतो, त्यामुळे ऐकायला वेळ होता.

विषय साधा. 20 जूनला जागतिक निर्वासित दिन असतो म्हणून कॉलेजच्या पोरापोरींनी जेट्टीच्या रस्त्याला टेबल मांडलं होतं. वर निळी ताडपत्री, टेबलावर दोऱ्याला बांधलेलं पेन, मागे फलक, 'बेटांवर डांबलेल्या निर्वासितांसाठी तुमची एक सही'. बाबल्या चहा यायच्या आत जाऊन सही करून आला आणि मंदारची तिथेच सटकली.

"काय लिहिलंय ते वाचलंस तरी का?"

"वाचूचा काय त्यात? चेडू म्हणाला सही करा, केलंय. माझा काय जाता?" बाबल्या मूळचा मालवणचा, टेंपो चालवतो, आंब्याला वाशीच्या फेऱ्या मारतो आणि उरलेलं वर्ष सगळ्या विषयांवर मत देतो.

"नौरू कुठे आहे सांग."

बाबल्याने दादूकाकांकडे बघितलं. दादूकाका परदेशी कंपन्यांच्या जहाजांवर होते, सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम म्हणून रिटायर झाले, त्यामुळे भूगोलाचा प्रश्न आला की सगळे त्यांच्याकडेच बघतात. ते म्हणाले, "पॅसिफिकमध्ये. सगळा देश मिळून 21 चौरस किलोमीटर. फॉस्फेट होतं ते लोकांनी खणून नेलं, आता ऑस्ट्रेलिया पैसे देतं आणि बोटीने आलेली माणसं तिकडे नेऊन ठेवतं."

"मग ऑस्ट्रेलियाचं ऑस्ट्रेलिया बघून घेईल ना," मंदार म्हणाला. "इथे हायवेचं काम 2011 पासून चाललंय, त्याच्यासाठी सह्या करून पेनं संपली आपली, एक खड्डा बुजला नाही, आणि हे चालले नौरूला."

खरं सांगायचं तर मला त्याचं पटलं होतं. पण दादूकाकांना पाण्याचा विषय निघाला की गप्प बसवत नाही. त्यांनी टँपाचं काढलं. ऑगस्ट 2001, टँपा हे नॉर्वेचं मालवाहू जहाज, ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस आयलंड बेटाच्या बाजूला इंडोनेशियाहून निघालेली लाकडी बोट बुडायला आलेली, त्यावर चारशेच्या वर माणसं, बहुतेक अफगाण. कॅप्टनने सगळ्यांना वर घेतलं. ऑस्ट्रेलिया म्हणालं आमच्या बंदरात आणायचं नाही. याने तरी जहाज त्यांच्या हद्दीत आणलं, कारण वर आजारी लोक होते आणि जहाज एवढ्या माणसांचं नव्हतंच, तर त्यांनी कमांडो चढवले जहाजावर.

"अरे पाण्यात माणूस दिसला की उचलायचा," दादूकाका म्हणाले, "पासपोर्ट कुठला ते वर घेतल्यावर. हा कायदा आहे समुद्राचा, आणि कायदा नव्हता तेव्हाही खलाशी तेच करायचे. आज ऑस्ट्रेलियाने बंदर बंद केलं तर उद्या कुठला कॅप्टन थांबेल सांग, कंपनी त्याला विचारेल ना किती दिवस फुकट घालवलेस म्हणून. आणि मग पाण्यात आपलाच कोणीतरी असला तर?"

"पुढे काय झालं त्या लोकांचं?"

"काही न्यूझीलंडने घेतले. बाकीचे नौरू. तिथून सुरुवात झाली या सगळ्याची. कॅप्टनला, खलाशांना आणि कंपनीला 2002 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा नॅन्सेन पुरस्कार मिळाला."

"बघा!" मंदारने मांडीवर थाप मारली. "पुरस्कार मिळाला आणि धोरण तसंच राहिलं. मोर्चे झाले असतील, सह्या झाल्या असतील, उपयोग काय?"

यात तथ्य आहे, आणि दादूकाकांनीही ते नाकारलं नाही. 2008 मध्ये नौरूचा कॅम्प बंद केला, 2012 ला परत उघडला. 2013 ला तर जाहीर केलं की बोटीने आलात तर निर्वासित ठरलात तरी ऑस्ट्रेलियात राहायला मिळणार नाही. पापुआ न्यू गिनीच्या मानूस बेटावर दुसरा कॅम्प होता, तो त्यांच्याच सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये बेकायदा ठरवला. 2019 च्या फेब्रुवारीत डॉक्टर लोकांनी रेटा लावून आजारी माणसांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात आणायचा कायदा करून घेतला, तर डिसेंबरात तो रद्द. एक पाऊल पुढे, दोन मागे असं 2001 पासून चाललंय.

मध्येच बाबल्या म्हणाला, "माणसा बेटार नेऊन ठेवतत ह्याचा तुमका काय नवल? आमच्याकडे तर राजाच ठेवलेलो." सगळे हसले, पण मुद्दा बिनतोड होता. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं, 1886 मध्ये इथे आणून टाकलं, मुद्दाम, आपल्या लोकांपासून समुद्रापलीकडे, कोणी भेटायला येणार नाही अशा जागी. आपण पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो तो थिबा पॅलेस 1910 ला तयार झाला आणि 1916 ला तो इथेच गेला. म्हणजे इंग्रजांचं नौरू आपणच होतो. त्याच्यासाठी कोणी सह्या गोळा केल्या होत्या का हे मंदारनेच विचारलं आणि स्वतःच म्हणाला, "केल्या असत्या तरी सोडला नसता."

तेवढ्यात वैशाली आली, कोर्टातून, रेनकोटसकट स्कूटरवरच बसून चहा घेत होती. ती म्हणाली, "मंदार, तू बिलोएला ऐकलंयस?"

तर ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मलाही माहीत नव्हती. बिलोएला हे ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमधलं गाव, गुरं, कोळसा आणि एक मांस कारखाना, राजकारणात उजवीकडे झुकणारं, थोडक्यात आपल्या मंदारला आवडेल असं. तिथे श्रीलंकेहून बोटीने आलेलं एक तमिळ जोडपं राहत होतं, नवरा त्या कारखान्यात कामाला, दोन मुली तिथेच जन्मलेल्या. मार्च 2018 मध्ये एका पहाटे अधिकारी आले आणि चौघांना उचलून मेलबर्नच्या डिटेन्शनमध्ये टाकलं. धाकटी तेव्हा वर्षाचीसुद्धा नव्हती. आणि गाव चिडलं. चळवळवाले कोणी नव्हते, शेजारी होते, बाजारात भेटणारे. त्यांची मागणी फक्त एक, यांना बिलोएलाला परत आणा, होम टू बिलो. निर्वासितांचं धोरण बदला वगैरे म्हणत बसले नाहीत. ऑगस्ट 2019 मध्ये तर चौघांना विमानात बसवून श्रीलंकेला रवानाच केलं होतं, विमान हवेत असताना न्यायाधीशांनी फोनवरून मनाई दिली आणि ते डार्विनला उतरवावं लागलं. तिथून ख्रिसमस आयलंड, जिथे टँपा अडवलं होतं तिथेच. जवळजवळ दोन वर्षं. 2021 मध्ये धाकटीच्या रक्तात संसर्ग होऊन तिला पर्थच्या हॉस्पिटलात विमानाने न्यावं लागलं, तेव्हा कुठे बेट सुटलं. 2022 च्या मे महिन्यात सरकार बदललं आणि जूनमध्ये ते चौघे परत गावात. धाकटीने पाचवा वाढदिवस केला, डिटेन्शनबाहेरचा पहिला.

"म्हणजे कोर्टात जिंकले शेवटी," मंदार म्हणाला.

"छे. कोर्टात हरलेच होते ते. निर्वासित म्हणून अर्ज नामंजूर, अपिलं फेटाळली. कोर्टाने फक्त वेळ मिळवून दिला. आणलं गावाने, चार वर्षं पाठपुरावा करून, आणि मंत्र्याच्या अधिकारात व्हिसा मिळाला."

"मग कायद्याला अर्थ काय? हरलेल्यांना गाव मागतं म्हणून ठेवायचं?"

वैशालीने कप ठेवला. "कायदाच काढतोस तर ऐक. निर्वासितांच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारावर ऑस्ट्रेलियाची सही आहे, त्यात कलम 31 आहे की जिवाच्या भीतीने थेट पळून आलेला आणि आल्याआल्या हजर झालेला माणूस विनापरवाना घुसला म्हणून त्याला शिक्षा करायची नाही. आपण त्या करारावर सही केलेलीच नाही. तरी अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या केसमध्ये 1996 ला आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की घटनेच्या कलम 21 मधलं जगण्याचं संरक्षण परक्या माणसालाही आहे. आणि हेही सांगते, नाहीतर तूच म्हणशील लपवलं, 2021 ला रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच कोर्टाने म्हटलं की देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क नागरिकांचाच, फक्त रीतसर प्रक्रिया करा."

मंदारला हे आवडलं, अर्थातच शेवटचं.

मग तिने स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचं सांगितलं. मे 2021, ईदचा दिवस, केनमूर स्ट्रीट. इमिग्रेशनवाले पहाटे दोघांना उचलून व्हॅनमध्ये बसवतात, एक माणूस जाऊन व्हॅनखालीच झोपतो, मग शेजारी येतात, मग शेकडो जण, दिवसभर व्हॅन हलू देत नाहीत, संध्याकाळी पोलीस दोघांना सोडून देतात. "आणि ते दोघे कोण होते माहितेय? आपले. भारतातले."

यावर मंदार काही बोलला नाही, सिगरेट काढली आणि पावसात पेटत नाही म्हणून परत ठेवली.

इतका वेळ गप्प होते ते इक्बालभाई. कतारमध्ये दोह्याला अकरा वर्षं काढून आलेत, आता राजिवड्याला मोबाइलचं दुकान. ते म्हणाले, "वैशालीताई, गोष्ट चांगली आहे पण एक सांगा, त्या तमिळ माणसाला गाव होतं म्हणून तो सुटला. नौरूवर बसलेत त्यांना कुठलं गाव? मला दोह्यात कुठलं गाव होतं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते आम्ही आधी कधी ऐकलं नव्हतं, एवढी वर्षं बसतोय एकत्र. पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. देश सोडायचा तर मालकाने एक्झिट परमिटवर सही करायची. त्यांचे वडील इथे वारले तो गुरुवार होता आणि सही करणारा मॅनेजर सुट्टीवर, रविवारी आला. तोवर इथे मयत होऊन गेली होती. "मी कॅम्पातल्या बंकवर बसून चुलतभावाच्या फोनवर आवाज ऐकला लोकांचा. तेव्हा मला एक सही पाहिजे होती, बाबल्या."

बाबल्या खाली बघत होता.

"नंतर 2018 ला बऱ्याच जणांचं परमिट गेलं, 2020 ला बाकीच्यांचं, नोकरी बदलायला मालकाची एनओसी लागायची तीही गेली, मग 2021 पासून कमीत कमी पगार हजार रियाल. हे कोणी केलं? मला ओळखणारं कोणी नव्हतं त्यात. 2014 मध्ये जिनिव्हाला आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत तक्रार टाकली ती कुठकुठल्या देशांच्या युनियनवाल्यांनी, त्यांनी इक्बाल कधी बघितला होता? फुटबॉलच्या वर्ल्ड कपमुळे जगाचं लक्ष होतं, नॉर्वेचे खेळाडू मानवी हक्क लिहिलेले टीशर्ट घालून मैदानात उभे राहिले. किती कंपन्या पाळतात ते विचारू नका. पण कागदावर तरी आलं. शेजारी असेल तरच माणुसकी, असं धरलं तर आमच्यासारख्यांनी मरावं."

आता मला कळेना कोणाची बाजू घ्यावी. मंदार म्हणाला, आणि त्याचा आवाजही जरा खाली आला होता, "इक्बाल, मी तुझ्यासाठी नाही म्हणत नाहीये. मला म्हणायचंय की दिसतं त्याचं करावं. माझ्या बागेत नेपाळी कुटुंब आहे. पोराला शाळेत घालताना आधार कार्ड मागितलं, मी दोनदा जाऊन भांडून आलो. त्याला मला फलक लागला नाही." हे खरं आहे. मिरकरवाड्यातले किती खलाशी नेपाळी, पावसबाजूच्या किती बागा त्यांच्यावर चालतात, आणि सीझन संपल्यावर त्यांचा हिशेब कसा होतो हे आम्हा सगळ्यांना माहितेय, आणि त्याबद्दल टेबल मांडलेलं मी तरी बघितलं नाही.

"मांडूया की," वैशाली म्हणाली. "पण आपलं निस्तरल्यावर परक्याचं, या हिशोबाने परक्याचा नंबर कधीच लागणार नाही. 1961 ला लंडनच्या पीटर बेनेन्सन नावाच्या वकिलाने अॅम्नेस्टी ही मानवी हक्कांची संघटना काढली तेव्हा पद्धत उलटी होती. गावोगावचे छोटे गट, त्यांनी आपल्या देशातली केस घ्यायचीच नाही. तीन कैदी घ्यायचे, एक पाश्चात्त्य देशातला, एक कम्युनिस्ट, एक तिसऱ्या जगातला, म्हणजे कोणी पक्षपाती म्हणायला नको. आणि पत्रं लिहायची. एका माणसासाठी, एका अधिकाऱ्याला, नाव घालून."

हे ऐकून मी उठलो आणि टेबलाकडे गेलो. तिथल्या मुलीला विचारलं, हे कागद पाठवणार कोणाला? ती म्हणाली, "म्हणजे... फोटो काढून इन्स्टावर टाकणार." कागद वाचला. वर 'सर्व संबंधितांना', खाली जगातल्या सगळ्या निर्वासितांना न्याय मिळालाच पाहिजे, मागणी अशी काही नाहीच. पोरं मनापासून करत होती पण माझं स्पष्ट मत आहे, पत्ता नसलेल्या अर्जापेक्षा हायवेच्या सह्या बऱ्या, त्या निदान कलेक्टर ऑफिसात धूळ खातात. बाबल्याने कशावर सही केली हे बाबल्यालाच काय, लिहिणाऱ्यालाही माहीत नव्हतं.

मी कागद कट्ट्यावर आणला, पोरंही मागोमाग आली. वैशालीने पाठकोऱ्या कागदावर नवीन मसुदा घातला, मुंबईतल्या ऑस्ट्रेलियाच्या कॉन्सुल जनरलांच्या नावे, मागणी एकच, नौरूवर ठेवलेल्या आजारी माणसांना उपचारासाठी ऑस्ट्रेलियात न्यायचा रद्द केलेला कायदा परत आणा. दादूकाकांचा आग्रह की समुद्रात वाचवलेल्याला बंदर द्या हेही घाला, त्यावर अर्धा तास. दोन मागण्या झाल्या की एकही वाचत नाहीत, असं वैशाली. शेवटी दादूकाकांचं वाक्य सुरुवातीला आलं, मागणी म्हणून नाही, 'आम्ही खलाशांच्या गावचे लोक' असं म्हणून.

मंदारने मसुदा घेतला, ऱ्हस्व-दीर्घ तपासलं, 'सदर' काढून टाकलं, 'कळावे' घातलं. सही केली नाही. म्हणाला, "बागेतल्या नेपाळ्यांचं टेबल लावाल तेव्हा पहिली सही माझी. हे तुमचं तुम्ही पाठवा."

"पाठवतो," इक्बालभाई म्हणाले आणि स्पीड पोस्टाचे पैसे काढून त्या मुलीकडे दिले. बाबल्याने विचारलं, "माझी आधीची सही चलात ना?" वैशालीने सांगितलं नाही, वाचून परत कर. तो वाचत बसला, चष्मा टेंपोत राहिला होता म्हणून कागद हातभर लांब धरून.