आई मेली की सिनेमा सुरू

सिनेमाच्या सर्टिफिकेटवर हल्ली बरंच काही लिहिलेलं असतं. पूर्वी यू, यूए आणि ए एवढ्यात भागायचं, 2024 मधे त्या मधल्या यूएचे पण तीन तुकडे केले, 7+, 13+ आणि 16+, म्हणजे आईबापांना कळावं कुठलं पोर कुठल्या सिनेमाला न्यायचं ते. चांगलं केलं. माझं सेन्सॉर बोर्डाकडे एवढंच मागणं आहे की त्याच कागदावर कोपऱ्यात अजून एक ओळ छापा, "यात आई कितव्या मिनिटाला मरते". वयाचं आमचं आम्ही बघून घेऊ.

आमच्याकडे दोन आहेत. थोरला आठ वर्षांचा, आपल्याला सगळं कळतं असं त्याला वाटतं. धाकटी चार वर्षांची, तिला खरंच सगळं कळतं आणि जे कळत नाही ते ती मोठ्यांदा विचारते. या दोघांना घेऊन "सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा" सिनेमा बघणे हा आमचा रविवारचा कार्यक्रम, आणि हा कोणी सुरू केला असं विचारलं की नवरा आणि मी एकमेकांकडे बोट दाखवतो.

थिएटरला जायचं तर सकाळी सव्वादहाचा शो, कारण लहान मुलांच्या सिनेमाला हटकून अशी वेळ मिळते की धड नाश्ता होत नाही आणि जेवायला तर अवकाश असतो. म्हणून मी पर्समधे डबा टाकते आणि म्हणून दारावरचा गार्ड तो काढतो. सुप्रीम कोर्टाने 2023 मधे सांगितलंय की बाहेरचं खाणं आत सोडायचं की नाही हे थिएटरवाल्यांनी ठरवावं, फक्त पिण्याचं पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या बाळाचं खाणं आईबापांना नेऊ द्यावं. यातल्या शेवटच्या कलमाचा आधार घेऊन मी धाकटीला कडेवर उचलून तान्हं करायला बघत होते, पण तेवढ्यात तान्ह्या बाळाने गार्डला स्पष्ट शब्दात विचारलं, "काका, आमची चकली तुम्ही खाणार का?"

चकली गेली. मग पॉपकॉर्न. त्यात थोरल्याला कॅरमलचंच पाहिजे आणि नवऱ्याला खारं, आणि नवरा लाईनमधे उभा राहून आठ वर्षांच्या मुलाला समजावून सांगत होता की 2024 च्या डिसेंबरात जीएसटी कौन्सिलने सांगितलं होतं की साधं सुटं खारं पॉपकॉर्न पाच टक्क्यात, पाकीटबंद असेल तर बारा आणि कॅरमल लावलं की ती मिठाई, तिला अठरा. थोरला म्हणाला, मिठाई आहे ना मग मला मिठाईच दे. मागचे लोक हसले. मिठाई घेतली.

आत गेल्यावर खुर्ची. मल्टिप्लेक्सच्या खुर्च्या ज्याने कोणी डिझाईन केल्यात त्याच्या घरात चौदा किलोचं माणूस नसणार. धाकटी मागे सरकून बसली की सीट हळूच वर उचलते आणि ती सुरळीच्या वडीसारखी आत गुंडाळली जाते, गुडघे कपाळाला, हातात पॉपकॉर्नचा डबा, आणि दोन सँडल तेवढे बाहेर. ती काही रडत वगैरे नाही, आतून शांतपणे सांगते, "आई, मी मिटले." मग तिला उघडायचं, पुढच्या कडेला बसवायचं, सीटवर माझा एक हात दाबून ठेवायचा, आणि एवढं जमलं की राष्ट्रगीत. सगळे उभे, धाकटी पण उभी, सीट वर. राष्ट्रगीत संपलं की परत पहिल्यापासून. पूर्ण सिनेमा मी उजव्या हाताने खुर्ची धरून बघितलाय, दुसऱ्या दिवशी दंड असा दुखत होता की ऑफिसात लोकांना वाटलं मी जिम लावली.

शिवाय डबिंगचं खातं माझ्याकडे. सकाळचा शो हिंदीत, धाकटीचं हिंदी म्हणजे मराठीला "है" लावून, आणि मराठीत डब केलेला असा सिनेमा मिळायचा म्हणजे शोधत बसा. तेव्हा तिच्या कानाशी तोंड नेऊन पडद्यावरच्या सिंहापासून सशापर्यंत सगळ्यांचे आवाज मी मराठीत काढते, आणि पुढच्या रांगेतल्या एक बाई वळून शूऽऽ करतात. करा. तुमच्याबरोबर कॉलेजची मुलगी आहे, तुम्हाला काय कळणार.

आणि एवढं सगळं स्थिरस्थावर होतंय न होतंय तेवढ्यात ती आई मरते. सिनेमाचं नाव सांगत नाही कारण नावं बदलतात, कार्यक्रम तोच असतो. जंगल, जंगलात पिल्लू, पिल्लाची आई. आईचा आवाज लोण्यात घोळलेला, एकदाही ओरडत नाही, "किती वेळा सांगितलं" म्हणत नाही, उलट संध्याकाळी डोंगराच्या टोकावर बसून पिल्लाला गाणं म्हणून दाखवते. जी आई पहिल्या पाच मिनिटात गाणं म्हणते ती दहाव्या मिनिटाला नसते, हे मला आता पाठ झालंय. गाणं सुरू झालं की मी धाकटीला मांडीवर घेते आणि बाथरूमला जायचंय का ते विचारते. नसतं जायचं तिला. ते तिला शेवटच्या मारामारीत आठवतं.

तर आई पडली कड्यावरून. म्युझिक थांबलं. सगळं थिएटर चिडीचूप, आणि त्या शांततेत आमची, "आई, ती आई मेली का?"

"नाही गं, झोपलीये."

"झोपली नाहीये," थोरला तिकडून, "मेलीये. एवढ्या उंचावरून पडलं की मरतंच."

त्यावर पलीकडच्या रांगेतलं एक अनोळखी बाळ रडायला लागलं, मग त्याच्या मागचं, आणि पुढची दोन-तीन मिनिटं अंधारात चारी बाजूंनी वेगवेगळ्या आयांचे कुजबुजते आवाज, झोपलीये, झोपलीये, उठेल आत्ता, झोपलीये, स्लीपिंग बेटा स्लीपिंग. बाप लोक पॉपकॉर्न खात होते.

मला वाटायचं हे माझ्याच डोक्यात आहे, पण नाही, डॉक्टरांनी मोजलंय. ब्रिटिश मेडिकल जर्नल दर डिसेंबरात नाताळानिमित्त जरा गमतीशीर संशोधन छापतं, त्यात 2014 साली एक पेपर आला होता. 1937 पासून 2013 पर्यंतचे मुलांचे 45 गाजलेले ॲनिमेशन सिनेमे घेतले आणि मोठ्यांच्या सिनेमांशी ताडून बघितले, तर महत्त्वाचं पात्र मरायचा धोका मुलांच्या सिनेमात जवळपास अडीच पट निघाला, आणि मुख्य पात्राच्या आईबापांना तर पाच पट. म्हणजे नाही नाही तो सिनेमा बघून मोठी माणसं जेवढी माणसं गमावतात त्याहून जास्त आमची चार वर्षांची पोरगी कॅरमल पॉपकॉर्न खाता खाता गमावते.

आणि हे काही आजचं नाही. बॅम्बी 1942 चा, त्यात शिकाऱ्याने हरणीला मारलं. फाइंडिंग निमो 2003 चा, त्यात तर सिनेमाचं नाव पडद्यावर यायच्या आत आई गेली आणि तिच्याबरोबर चारशेच्या वर अंडी गेली, एक राहिलं. फ्रोझनमधे दोघंही जहाजाबरोबर बुडाले, म्हणजे निदान तिथे समानता आहे. लायन किंगमधे बाप मारला हे खरं, पण त्याला परत ढगात येऊन मुलाशी बोलायची सोय ठेवली. आयांना ढग देत नाहीत.

निमोवर माझा एक वेगळा राग आहे. बाप पोराला शोधायला निघाला तर त्याच्यावर अख्खा सिनेमा काढला. हरवलेलं पोर शोधणे हे काम आया दर रविवारी मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर करतात, हातात चार पिशव्या घेऊन, आणि सापडल्यावर त्याला धपाटा घालून पुढच्या दुकानात जातात.

पण खरा दणका थोरल्याने दिला. रात्री जेवायला दोडक्याची भाजी होती, म्हणून आधीच वातावरण तंग, आणि हा ताटाकडे बघत विचार करत बसलेला. मग म्हणाला, "आई, मला एक कळलंय. आई असली ना की ॲडव्हेंचर होत नाही."

म्हणजे कसं रे?

"म्हणजे बघ ना, सगळ्यांची आई नसते म्हणून ते जंगलात जातात, मग त्यांना दोस्त भेटतात, मग ते राजा होतात. माझं काहीच होत नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं, द्वेषाने नाही, तसं नका समजू, पण बसस्टॉपवर उभा असलेला माणूस रस्त्यात आडव्या लावलेल्या टेम्पोकडे बघतो तसं.

नवरा एवढा हसला की त्याला ठसका लागला. मी उठून पाणी दिलं. नंतर ओटा पुसताना मात्र विचार केला आणि पोराचं बरोबर आहे हो. लिहिणारे दुष्ट नसतात, त्यांची अडचण असते. आई जिवंत ठेवली तर गोष्ट दाराबाहेर पडतच नाही. पिल्लू म्हणणार, मी हत्तींच्या स्मशानापलीकडे जाऊन येतो. आई म्हणणार, कोण कोण आहे बरोबर, त्याच्या आईचा नंबर दे, स्वेटर घाल, आधी दूध संपव आणि अंधार पडायच्या आत घरी. संपला सिनेमा. अकराव्या मिनिटाला नावं, लाईट चालू, पार्किंगचे पैसे तेवढे वाया. व्हिलन बिचारा डोंगरावर वाट बघत बसलेला.

हे मी सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, ही सगळी तिकडची थेरं, आमच्या वेळचे सिनेमे कसे स्वच्छ, दूरदर्शनवर रविवारी अख्खी चाळ बसून बघायची, आजोबांपासून नातवापर्यंत. लाव बघू हाथी मेरे साथी. लावला. 1971 चा, राजेश खन्ना, हत्ती, वाघ, दोन्ही मुलं खूश, सासूबाई गाणी म्हणतायत, मी खुर्ची न धरता बसलेय, असं सुख मला किती तरी दिवसात मिळालं नव्हतं. आणि मग शेवटी रामू हत्तीने मालकावरची गोळी स्वतःवर घेतली. सासूबाई हे साफ विसरल्या होत्या. धाकटीने जो सूर लावला तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला, आणि सगळ्यात कहर म्हणजे सासूबाई पण रडायला लागल्या आणि पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "पण स्वच्छ आहे ना गं सिनेमा?"

त्यावर उतारा म्हणून नवऱ्याने मिस्टर इंडिया सुचवला, अदृश्य माणूस, पोरंच पोरं, मोगॅम्बो, मजा. मी म्हटलं, टीना आठवते का? तो गप्प झाला. 1987 साली ज्यांनी ज्यांनी लहानपणी तो थिएटरला बघितला त्यांना बॉम्बमधे गेलेली ती छोटी मुलगी अजून आठवते, आणि तेच लोक आज आपल्या पोरांना तो हौसेने लावून देतात. असो.

बाकी आपल्या पिक्चरमधे आयांना इतक्या लवकर मारत नाहीत हे मात्र मान्य. आपण बाप मारतो आणि आईला मशीनवर बसवतो. हिंदीत शिलाई मशीन आणि खोकला. मराठीत 2014 चा एलिझाबेथ एकादशी घ्या, परेश मोकाशींचा, खरंच गोड सिनेमा, आमच्याकडे सगळ्यांना आवडलेला. त्यात पण वडील नाहीत, आई स्वेटर विणायच्या मशीनवर आणि डोक्यावर कर्ज, पण आई आहे! जिवंत! धडधाकट! ओरडते पण! आणि पोरं तिच्या नकळत पंढरपुरात एकादशीच्या गर्दीत बांगड्यांचं दुकान लावतात, म्हणजे आई असूनसुद्धा ॲडव्हेंचर होतं. मी थोरल्याला हे मुद्दाम दाखवलं. त्याने मान हलवली आणि विचारलं, "पण त्यांची आई कामात असते ना. तू कधी कामात असतेस?" दोन शिफ्टच्या मधे बसलेले मी, काय उत्तर देणार.

आता आमच्याकडे पद्धत अशी पडलीये की सिनेमा ठरला की नवरा आधी नेटवर गोष्ट शेवटपर्यंत वाचतो, आई, बाबा, आजी, कुत्रा, हत्ती, सगळ्यांची तब्येत तपासतो आणि मग रिमोट उचलतो. त्यातून गाळून गाळून काहीच उरेना म्हणून परवा त्याने पेंग्विनवरची डॉक्युमेंटरी काढली. म्हणाला, यात गोष्टच नाही, कोण मरणार? बर्फ, पेंग्विन, संथ आवाजातलं निवेदन, सासूबाईंना पाचव्या मिनिटाला डुलकी. मग निवेदक सांगायला लागला की एम्परर पेंग्विनची मादी अंडं घालते, ते नराच्या पायावर देते आणि स्वतः खाणं आणायला लांब समुद्राकडे चालत जाते, आणि नर दोनेक महिने भर थंडीत काही न खाता अंडं सांभाळत उभा राहतो. नवरा माझ्याकडे अभिमानाने बघायला लागला, जसं काही तोच उभा होता. मुलं मात्र पाठमोऱ्या मादीकडे बघत होती. ती पाण्यात उतरली. पाण्यात सील होता.

मी रिमोट हिसकावला आणि जे लागेल ते लावलं, ती मॅच निघाली. दोन बॉल शांततेत गेले, तिसऱ्याला दांडी उडाली, बॅट्समन खाली मान घालून निघाला.

"हा मेला का?" धाकटी.

"नाही गं, आऊट झाला फक्त."

"मग त्याची आई कुठंय?"

सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या, "घरी बसून त्याला शिव्या घालत असेल. तो शॉट मारायची काही गरज होती का?"

आणि थोरला त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला, आज्जी, हे लावूया रोज.