आयरिश लोणी फक्त घरात खायला नव्हतं

‘आयर्लंडच्या खेड्यांत पूर्वी घरोघरी लोणी निघायचं ते घरात खायला, शुद्ध आणि बिनमिठाचं. विकायची सवय कारखान्यांनी लावली.’ हा मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यात तिथल्या बायकांचे कष्ट पुसले जातात, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

घरात खायला? १७७० च्या सुमारास कॉर्क शहरात शँडनला लोण्याचा बाजार उभा राहिला आणि पुढे तो जगातला सर्वांत मोठा मानला गेला. शेजारच्या केरी परगण्याच्या डोंगरांतून लोण्याची लाकडी पिंपं येत, ती वाट आजही ‘बटर रोड’ म्हणून ओळखली जाते. तपासनीस पिंपात तळापर्यंत सळई खुपसून लोणी काढायचा, वास-चव घेऊन प्रत ठरवायचा. प्रतीवर भाव, आणि त्या पैशातून जमिनीचा खंड. त्यामुळे गरीब कुळाच्या ताटात बटाटे आणि ताकच उरायचं.

‘बिनमिठाचं’ हे तर साफ चूक. हे लोणी जहाजातून वेस्ट इंडीजपर्यंत जायचं, मिठाशिवाय टिकलं असतं का? आपण टिकवण्यासाठी लोणी कढवून तूप करतो, त्यांनी मीठ मळलं. उभ्या लाकडी पिंपात दांडा वरखाली करत साय घुसळायची. त्या वेळी दारात कुणी आलं तर त्यानेही दांड्याला हात लावायचा, नाहीतर लोण्याची बरकत जाते असं मानत. गोळा जमला की गार पाण्याने धूत राहायचं, पाणी नितळ येईपर्यंत. ताक आत राहिलं तर लोणी खवट होणारच. मग मीठ घालून लाकडी फळ्यांनी थापायचं, हाताची ऊब लागू द्यायची नाही. खंडाचा पैसा उभा राहायचा तो या मेहनतीवर.

राहिले कारखाने. डेन्मार्कच्या एकसारख्या लोण्याने ब्रिटनच्या बाजारात आयरिश लोण्याला मागे टाकलं, तेव्हा होरेस प्लंकेट यांच्या शेतकरी सहकाराच्या चळवळीतून १८८९ मध्ये लिमरिक परगण्यात ड्रमकॉलोगरला पहिली सहकारी क्रीमरी, म्हणजे गावचं दूध गोळा करून लोणी काढणारा कारखाना, निघाली. हळूहळू दूध तिकडे जाऊ लागलं आणि घुसळण यंत्रावर गेली. म्हणजे कारखान्यांनी बायकांना विकायला शिकवलं नाही, विकायचा माल त्यांच्या हातून काढून घेतला. शँडनचा बाजार १९२४ मध्ये बंद झाला. त्यानंतरही कितीतरी जणी गावच्या दुकानात घरचं लोणी देऊन चहा-साखर नेत राहिल्या.