'भाऊ गेला तरी रडला नाही': ओवेच्किनच्या नावावर खपवली जाणारी गोष्ट

'रशियाचा अलेक्सांद्र ओवेच्किन. बाप सोडून गेला. आई धुणीभांडी करायची. पाच क्लबांनी हाकलून दिलं. दहाव्या वर्षी सख्खा भाऊ वारला, त्याही दिवशी हा मैदानात उतरला, डोळ्यांत टिपूस नाही! आयुष्यात कधी सुट्टी नाही, साखरेला हात लावला नाही. आज ऑलिम्पिकची तीन सुवर्णपदकं, आणि 895 गोल करून मेजर ध्यानचंदांचाही विक्रम मोडला. आणि आपली मुलं? जरा काही झालं की क्लास बुडवतात. प्रत्येक पालकाने वाचावं.'

हा मजकूर तुमच्याही ग्रुपवर येऊन गेला असेल. माझ्या बहिणीकडे तो मुलाच्या पोहण्याच्या क्लासच्या ग्रुपवरून आला. भाच्याचे आजोबा नुकतेच गेले होते, दहावाही व्हायचा होता, आणि पोरगा सरावाला गेला नव्हता. सरांनी नाव कुणाचं घेतलं नाही, पण फॉरवर्ड कुणासाठी होता ते सगळ्यांना कळलं. भाच्यालाही कळलं. म्हणून हे लिहितोय, आणि लिहिताना चिडलोय हे लपवत नाही.

आधी सोप्या थापा निकालात काढू.

ध्यानचंद गवतावर हॉकी खेळले. ओवेच्किन आइस हॉकी खेळतो. पायात स्केट, खाली बर्फ, चेंडूच्या जागी रबराची चपटी चकती, एका बाजूला गोलरक्षक धरून सहाच खेळाडू. दोन्ही खेळांचे गोल एका वहीत मांडताच येत नाहीत. त्यानं मोडला तो कॅनडाचा दिग्गज आइस हॉकीपटू वेन ग्रेट्स्कीचा 894 गोलांचा विक्रम, तोही अमेरिका-कॅनडातल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधला.

आणि ती तीन ऑलिम्पिक सुवर्णं? ती ध्यानचंदांची आहेत: 1928, 1932, 1936. ओवेच्किनकडे ऑलिम्पिकचं एकही सुवर्ण नाही. 2006 ला तुरीनमध्ये कॅनडाला हरवणाऱ्या संघात तो होता, गोलही त्यानं केला, पण पदक आलं नाही. 2010 ला व्हँकुव्हरमध्ये त्याच कॅनडाने रशियाला 7-3 असं धुतलं. 2014 ला स्वतःच्या देशात, सोचीत, फिनलंडने उपांत्यपूर्व फेरीतच घरी पाठवलं. 2018 ला रशियन खेळाडूंनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा एनएचएलने आपले खेळाडू सोडलेच नव्हते, त्यामुळे हा तिथे नव्हता. तीन सुवर्णं त्याच्याकडे आहेत, पण ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची, 2008, 2012 आणि 2014 ची. कुणीतरी अर्धवट वाचून ती ऑलिम्पिकच्या खात्यात टाकली असावीत.

त्या घरात ऑलिम्पिकची सुवर्णपदकं आहेत. ती आईची आहेत. आणि इथे माझं डोकं खरोखर फिरतं. जिला या फॉरवर्डने धुणीभांडी करायला लावलं, ती तात्याना ओवेच्किना सोव्हिएत संघाची बास्केटबॉलपटू. 1976 ला माँट्रिऑलमध्ये सुवर्ण, 1980 ला मॉस्कोत सुवर्ण. लहानपणी गाडीखाली येऊन तिचा पाय इतका चिरडला होता, की तो कापावा लागेल अशी वेळ आली होती. त्या पायावर उभी राहून ती पुढे ऑलिम्पिक खेळली. मुलाच्या पाठीवरचा 8 हा आकडा तिच्या जर्सीचा. धुणीभांडी करणाऱ्या बाईत कमीपणा काही नाही, आपल्याकडे अशा आयांनी घरंच्या घरं उभी केली आहेत. पण एका बाईचं अख्खं कर्तृत्व पुसून तिच्या जागी एक दीनवाणी आई बसवायची, का, तर मुलाचं यश जास्त चमकावं म्हणून? वडील मिखाइल फुटबॉल खेळायचे. तेही कुठे सोडून गेले नव्हते. त्यांच्याकडे पुन्हा येतो.

पाच क्लबांनी हाकललं, हे तर साफ उलटं. मॉस्कोच्या दिनामो क्लबच्या शाळेत तो शिकला आणि सोळाव्या वर्षी दिनामोच्या मोठ्या संघातून रशियाच्या वरच्या लीगमध्ये खेळला. तो लवकर हवा म्हणून लोक काय थराला गेले ते पाहा. एनएचएलमध्ये नवे खेळाडू निवडायची दरवर्षी एक प्रक्रिया असते, तिला ड्राफ्ट म्हणतात. 2003 च्या ड्राफ्टसाठी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हायला हवे होते. ओवेच्किनचा जन्म 17 सप्टेंबर 1985 चा, म्हणजे दोन दिवस कमी. तरी फ्लोरिडा पँथर्सने त्याचं नाव पुकारायचा प्रयत्न केला. युक्तिवाद असा, की लीप वर्षांचे जादा दिवस धरले तर तो अठराचा होतोच! लीगने ते मानलं नाही. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन कॅपिटल्सने त्याला पहिल्याच क्रमांकावर उचललं. ज्याला मिळवायला लोक पंचांगाशी भांडले, त्याला 'नाकारलेला' म्हणायचं?

साखरेचा मुद्दा एका वाक्यात संपतो: हा माणूस सामना चालू असताना बाकावर बसून कोला पितो, हे त्याचा खेळ पाहणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

आता भावाबद्दल. बाकी चुका अडाणीपणाच्या आहेत, ही चूक क्रूर आहे.

इथे एक गोष्ट मला मान्य करावी लागेल, मन होत नसलं तरी. फॉरवर्डमधला हा भाग हवेतून आलेला नाही. ओवेच्किनचा थोरला भाऊ सर्गेई मोटार अपघातानंतर रक्ताची गुठळी होऊन गेला, तेव्हा अलेक्सांद्र दहा वर्षांचा होता. त्या दुःखातच सामना आला आणि आईवडिलांनी त्याला खेळायला पाठवलं, असं त्याच्या चरित्रात सांगतात. पण नीट वाचा. निर्णय आईवडिलांचा होता, दहा वर्षांच्या पोराचा नव्हता. मुलगा गमावलेल्या दोन माणसांनी, बहुधा स्वतःच सुन्न असताना, धाकट्याला घरातल्या त्या दिवसातून बाहेर काढलं असेल, किंवा त्यांना दुसरं काही सुचलं नसेल. त्याचा नियम करून दुसऱ्यांच्या मुलांवर लादायचा अधिकार कुणाला मिळाला?

'डोळ्यांत टिपूस नाही' हे कुणी पाहिलं? काय पाहिलं गेलंय ते मी सांगतो. सर्गेईनेच त्याला हॉकीकडे नेलं. गोल झाल्यावर हातमोज्याचं चुंबन घेऊन ओवेच्किन वर बोट दाखवतो, ते त्या भावासाठी. 2018 च्या ऑगस्टमध्ये त्याला पहिला मुलगा झाला, त्याचं नावही त्यानं सर्गेई ठेवलं. जो भाऊ तो आपल्या पोराच्या नावात रोज हाक मारून जपतो, त्याच्या मरणावर हा दगडासारखा उभा राहिला असं लिहिणाऱ्याला काहीतरी वाटायला हवं होतं.

'कधी सुट्टी नाही' हे तर एनएचएलच्या अधिकृत नोंदींतच खोटं पडतं. तिथे प्रत्येक सामन्याची, प्रत्येक खेळाडूची नोंद असते, आणि ती कुणालाही बघता येते. 2023 चा फेब्रुवारी काढा. वडील मिखाइल वारले. ओवेच्किन तेव्हा 37 वर्षांचा, संघाचा कर्णधार, ग्रेट्स्कीच्या विक्रमाच्या पाठलागावर, आणि कॅपिटल्सची बाद फेरीत जाण्यासाठी धडपड चाललेली. एकेक सामना मोलाचा. तो संघ सोडून मॉस्कोला गेला. त्या दिवसांतल्या सामन्यांपुढे त्याचं नाव नाही. त्यात कॅरोलायनाविरुद्ध उघड्या स्टेडियममध्ये झालेला मोठा सामनाही होता, ज्याची वर्षभर जाहिरात झाली होती. तो त्यातही खेळला नाही. कॅपिटल्सला त्या मोसमात शेवटी बाद फेरी गाठता आली नाही, पण म्हणून त्याला कुणी आळशी म्हटलं नाही. ज्या वयात निर्णय त्याच्या हातात होता, त्या वयात त्यानं बापासाठी खेळ थांबवला. आणि आमच्या पोराने आजोबांसाठी चार दिवस पाण्यात उतरू नये?

हे सगळं आटोपावं तर ग्रुपवरच्याच एका परदेशातल्या गृहस्थांनी दुसरं टोक गाठलं: 'विक्रमच खोटा. रिकाम्या जाळ्यात मारलेले गोल आहेत.' यात अर्धं खरं आहे. हरणारा संघ शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक काढून एक जादा आक्रमक आणतो, तेव्हा जाळं उघडं पडतं, आणि अशा उघड्या जाळ्यात ओवेच्किनइतके गोल कुणीच केलेले नाहीत. पण त्यात दुसरा नंबर ग्रेट्स्कीचाच, 56. दोघांचेही वजा करा, दोघं जवळपास एकाच जागी येतात. शिवाय ग्रेट्स्कीचा ऐन बहर 1980 च्या दशकातला. तेव्हा एका सामन्यात दोन्ही बाजूंचे मिळून आठ-आठ गोल व्हायचे, गोलरक्षकांची पॅड्स लहान असायची. त्यानं 1981-82 मध्ये 92 गोल केले. ओवेच्किन आला तो सहाच्या आसपास गोल होणाऱ्या काळात, आणि लीगच्या टाळेबंदीत त्याचा पहिला मोसम अख्खा गेला.

त्याचे गोल येतात कुठून हेही बघण्यासारखं आहे, कारण 'एकट्याच्या जिद्दीची' कथा तिथेच कोसळते. समोरचा खेळाडू शिक्षा भोगायला बाहेर बसला, की ओवेच्किन बर्फावर आखलेल्या डाव्या बाजूच्या वर्तुळाजवळ जाऊन उभा राहतो. तो उजव्या हाताने मारणारा, त्यामुळे तिरका आलेला पास न थांबवता थेट फटकावता येतो. त्या जागेला चाहते त्याचं 'ऑफिस' म्हणतात. वीस वर्षं सगळ्या लीगला ठाऊक आहे, की पास तिथेच जाणार. तरी चकती जाळ्यात जाते, कारण ती आली त्या वेगात गोलरक्षकाला या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायला वेळच मिळत नाही. पण तो पास कुणीतरी द्यायला लागतो. त्याच्या सर्वाधिक गोलांना पास दिलेला माणूस म्हणजे स्वीडनचा निकलस बॅकस्ट्रॉम. त्याचं नाव फॉरवर्डमध्ये असण्याची शक्यताच नव्हती.

तो रशियाच्या राष्ट्राध्यक्षांचा जाहीर समर्थक आहे, 2017 मध्ये त्यांच्यासाठी त्यानं 'पुतिन टीम' नावाची मोहीम काढली, हे मला खटकतं. त्याला आदर्श म्हणून भिंतीवर लावायचं तर हेही सोबत येतं.

ग्रेट्स्कीपेक्षा तो मोठा, असंही मी म्हणत नाही. ग्रेट्स्कीचे गोल आणि सहाय्य (दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास) मिळून 2,857 गुण आहेत, ओवेच्किन त्याच्या आसपासही नाही. त्याचा दावा गोलांपुरता आहे, आणि तो पक्का आहे. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पायाचं हाड मोडलं, सोळा सामने बाहेर बसला, डिसेंबरअखेर परत आला. 6 एप्रिल 2025 ला न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध संघातल्या टॉम विल्सनचा पास आला आणि ओवेच्किनने डावीकडून 895 वा मारला. तो त्याचा 1,487 वा सामना होता. ग्रेट्स्की एकूण तेवढेच सामने खेळला, आणि त्या दिवशी तो प्रेक्षकांत होता. गोल झाल्यावर 39 वर्षांचा हा धिप्पाड माणूस पोटावर पडून बर्फावर घसरत गेला. आणि जाळं रिकामं नव्हतं. समोर इल्या सोरोकिन होता, त्याच्याच देशाचा.