त्या नौदलावर हसायचं की नाही?

नमस्कार,

‘अप द क्रीक’ या ब्रिटिश नौदलावरच्या विनोदी चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, की १९४६ साली मुंबईत ‘तलवार’वर आपल्या पोरांना निकृष्ट जेवण आणि वर शिव्या देणाऱ्या नौदलाच्या विनोदात गोडवा शोधणं म्हणजे साम्राज्याचे लाड करणं. ‘तलवार’ ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी नौदलाची, म्हणजे रॉयल इंडियन नेव्हीची, आणि चित्रपटातलं नौदल खुद्द ब्रिटनचं, हे खरं. पण अधिकाऱ्यांचा तोरा तोच होता, त्यामुळे मी त्या फरकाआड लपत नाही.

पण पडद्यावर दिसतं काय, तेही बघा. १९५८चा, व्हॅल गेस्टनं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट. मोडीत काढल्यासारखं बांधून ठेवलेलं जहाज, बरेच दिवस त्यावर कप्तानच नाही. बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, झालेला पीटर सेलर्स निवांतपणे सरकारी माल विकतोय आणि खलाशी गिऱ्हाइकांचे कपडे धुताहेत. नवा कप्तान येतो तो डेव्हिड टॉमलिन्सन, त्याला रॉकेटचं खूळ! यात साम्राज्याचे लाड कुठे आहेत? सुएझ कालव्यावरच्या चढाईतून ब्रिटनला माघार घ्यावी लागल्याची नाचक्की होऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. पुढे १९६०च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनची शेवटची बॅटलशिप, म्हणजे अवजड तोफांची महाकाय युद्धनौका, ‘व्हॅनगार्ड’ भंगारात जायला निघाली आणि पोर्ट्समथ बंदराच्या तोंडाशीच, एका पबजवळ, गाळात रुतली. बघ्यांची ही गर्दी. पटकथेत असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अतीच झालं.

शिवाय थिएटरात बसलेल्यांपैकी अनेकांनी युद्धात नाहीतर सक्तीच्या सेवेत साहेबांना सलाम ठोकलेले होते. १९३१ साली स्कॉटलंडमधल्या इन्व्हरगॉर्डनला पगारकपातीवरून ब्रिटिश खलाशांनी जहाजं हलवायलाच नकार दिला होता. साहेबाला बनवण्यातली त्यांची मजा उसनी नव्हती.

तुमच्या आक्षेपातलं एक मात्र मला पुरतं पटतं. या चित्रपटातला अ‍ॅडमिरल म्हणजे विल्फ्रिड हाइड-व्हाइट: मऊ, गोंधळलेला, चहाच्या कपाएवढा धोकादायक. १९४६ला त्या जाचाविरुद्ध संप करणाऱ्या मुंबईतल्या खलाशांच्या वाट्याला आले ते रॉयल इंडियन नेव्हीचे प्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे. ‘अख्खं नौदल नष्ट झालं तरी चालेल’ अशी धमकी त्यांनी थेट रेडिओवरून दिली, आणि त्या दिवसांत शहरात गोळीबाराला दोनशेहून अधिक माणसं बळी पडली. लबाडी पकडली गेली तरी गोरा खलाशी कानउघाडणीवर सुटतो, हे या विनोदानं गृहीतच धरलेलं असतं. ते ठाऊक असूनही मी सेलर्सवर हसतो, कारण तो ज्यांना लुबाडतो ते गॉडफ्रेंच्याच पंगतीतले.

‘पेटिकोट पायरेट्स’ या नौदलावरच्या दुसऱ्या विनोदी चित्रपटाचा बचाव मात्र माझ्याकडून होणार नाही. त्यातल्या विनोदी नट चार्ली ड्रेकची किंचाळी मलाही दहा मिनिटांपलीकडे सोसत नाही.