केएक्स २५० का दिली नाही, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुम्ही आमच्या दुकानाला एक स्टार दिलात. लिहिलंत की रोख पैसे घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला आम्ही कावासाकीची केएक्स २५० दिली नाही, मुलाची उंची-वजन विचारत बसलो आणि शेवटी हीरोची एक्सपल्स २०० गळ्यात मारायला बघितली. केएक्स दिली नाही हे खरं आहे, आणि तुमच्या मुलासाठी आजही देणार नाही. कारण सगळ्यांसमोर लिहितो, म्हणजे डर्ट बाईक घ्यायला निघालेल्या बाकीच्यांनाही कळेल.

मुलगा रोज अक्कलकोट रोडने कॉलेजला जाणार आणि सुट्टीत शेतात चालवणार, असं तुम्हीच सांगितलंत. केएक्स ही मोटोक्रॉसची, म्हणजे बंद मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीची गाडी. हेडलाइट, इंडिकेटर, हॉर्न, आरसे यातलं तिला काहीच नाही, म्हणून तिचं आपल्या सोलापूरचं एमएच-१३ पासिंग होत नाही. पासिंग नाही म्हणजे रस्त्यावर आणणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ च्या विरुद्ध. पोलिसांचा दंड एक वेळ भरून होईल. पण कुणाला धडक बसली तर विम्याशिवाय ती भरपाई तुमच्या शेतावर येईल.

आता शेताचं. मोटोक्रॉस गाडीच्या रेडिएटरला पंखा नसतो, पळताना लागणाऱ्या वाऱ्यावरच ती थंड राहते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर, आणि बांधावरून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवायचं. पाणी उकळणारच. तिच्या इंजिनचं काम किलोमीटरवर नाही, तासांवर मोजतात. एअर फिल्टर प्रत्येक वेळी धुवायचा, ऑइल काही तासांत बदलायचं, पिस्टनसुद्धा ठरलेल्या तासांनी. स्पर्धा खेळणारा मुलगा हे आनंदाने करतो. रोज कॉलेजला जाणाऱ्याला ते जमत नाही.

वजन विचारल्याचा तुम्हाला राग आला, ते समजू शकतो. पण तो प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा होता. सस्पेन्शनची स्प्रिंग चालवणाऱ्याच्या वजनावर ठरते. बूट-हेल्मेट घालून बसल्यावर मोटोक्रॉस गाडीचा मागचा भाग साधारण १०० मिमी खाली बसायला हवा. हलका माणूस बसला तर स्प्रिंग तेवढी दबत नाही, गाडी दगडावर उडते आणि हँडल हातातून सुटतं. उंचीचंही तसंच. केएक्सची सीट सुमारे ९५० मिमीवर. मुलगा बसला तेव्हा त्याची फक्त बोटं टेकत होती, ते तुम्ही पाहिलंत. एक्सपल्स २०० ४व्हीची सीट ८२५ मिमी, तिथे पाय नीट टेकले. नांगरलेल्या रानात गाडी कलली की तोल पायच सावरतो. म्हणूनच तिच्या प्रो मॉडेलचाही आग्रह धरला नाही, तिची सीट ८९१ मिमी आहे.

एक्सपल्सचं पुढचं चाक २१ इंची आणि मडगार्ड उंच. पावसाळ्यात काळ्या रानातला चिखल खालच्या मडगार्डमध्ये गच्च बसून चाक जाम होतं, हे शेतकऱ्याला मी काय सांगायचं. हो, ती जवळपास १६० किलोची आहे, केएक्सपेक्षा बरीच जड, आणि पडली की उचलायला दम लागतो. ते मी दुकानातही सांगितलं होतं. आणि एक्सपल्समध्ये आम्हाला केएक्सपेक्षा कमीच सुटतं.

मुलाला पुढे खरंच मोटोक्रॉस खेळायचं असेल तर आधी वर्षभर मुरमाच्या मोकळ्या जागेवर उभं राहून चालवायला, क्लच सांभाळायला शिकू दे. मग टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायच्या तयारीने या, हीच केएक्स त्याच्या वजनाची स्प्रिंग बसवून देतो.

तोवर दोघं मिळून एकदा एक्सपल्स चालवून बघा. बूट घालून या, हेल्मेट दुकानात आहे. माळावर नेऊन चालवू, बयाणा मागणार नाही. फक्त नान्नजच्या बाजूला जायचं नाही, तिथे माळढोकचं अभयारण्य आहे.